एआय एजंटला टाइमझोन बघायला कसं शिकवायचं

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. मावसभाऊ तासगावचा, द्राक्षं एक्स्पोर्टला पाठवतो, आणि त्याचे मेल, रिमाइंडर, कॉलच्या वेळा असलं सगळं एक एआय एजंट बघतो, तो मीच सांगलीत बसून त्याला जोडून दिलेला. ३१ मार्चला, सोमवारी, हॉलंडच्या खरेदीदाराशी कॉल ठरलेला, तिकडचे सकाळी ११. एजंटनं रिमाइंडर लावला दुपारी साडेतीनचा. भाऊ साडेतीनला लॅपटॉप उघडून बसला तर समोरचा माणूस वाट बघून कधीच गेलेला. आदल्याच दिवशी, ऐन पाडव्याला, युरोपातली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढं सरकली होती (उन्हाळी वेळ म्हणतात ती हीच), मग आपला साडेचार तासांचा फरक साडेतीनवर आला आणि कॉल होता अडीचला. भाऊ म्हणतोय, "दादा, तुझ्या एआयला घड्याळ कळत नाय व्हय?"

खरंच कळत नाही. मॉडेलकडं, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयकडं, घड्याळ नसतंच, वाचलेल्या मजकुरातून ते अंदाज बांधतं आणि वर ठामपणे सांगतं. म्हणून त्याला बाहेरून एक टूल, म्हणजे गरज पडली की चालवता येईल असा छोटा प्रोग्रॅम, द्यायचं, वेळ विचारायची ती तिथंच.

आधी सामान. कॉम्प्युटरवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, ३.९ किंवा त्याच्या पुढचं हवं, कारण झोनइन्फो नावाचं, टाइमझोनचा हिशोब करणारं मॉड्यूल तिथपासून आतच येतं. विंडोज असेल तर एक काम जास्तीचं, पिपनं (पायथनची पॅकेजं टाकणारी कमांड) टीझेडडेटा हे पॅकेज टाका, कारण झोनइन्फोला लागणारी झोनची यादी विंडोजमध्ये नसते आणि मग एरर येतो आणि माणूस अर्धा दिवस कोड चाळत बसतो (मी बसलोय).

मग तयार टूल जोडा. एमसीपी (एआयला बाहेरची टूल जोडायची ठरलेली पद्धत) चालणारं कुठलंही अ‍ॅप घ्या, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये टाइम नावाचा सर्व्हर टाका, कमांड यूव्हीएक्स (पायथनचे प्रोग्रॅम उतरवून चालवणारी) आणि पुढं एमसीपी-सर्व्हर-टाइम, सगळं इंग्रजी लिपीत आणि मधल्या आडव्या रेघांसकट. अ‍ॅप बंद करून परत चालू करा. आत दोनच टूल आहेत, एक आत्ताची वेळ सांगणारं, दुसरं एका झोनची वेळ दुसऱ्या झोनमध्ये करून देणारं. पाच मिनिटांचं काम.

आता झोनची नावं, इथं जरा थांबा. एजंटला आयएसटी असं कधी लिहू नका, भारताचं आयएसटी, आयर्लंडचंही आयएसटी आणि इस्रायलचंही आयएसटी. पूर्ण नाव द्या: एशिया/कोलकाता, युरोप/अ‍ॅमस्टरडॅम, अमेरिका/न्यूयॉर्क. ही नावं आयाना या इंटरनेटची नावं-नंबर सांभाळणाऱ्या संस्थेच्या टाइमझोन डेटाबेसमधली, जवळपास सगळी कॉम्प्युटरची दुनिया त्याच्यावरच चालते. आपल्या अख्ख्या देशाला एकच झोन आहे, एशिया/मुंबई शोधाल तर मिळणार नाही, सांगली तर सोडाच. तसंच युरोप/रॉटरडॅम पण यादीत नाही, आणि भाऊचा माल उतरतो रॉटरडॅमला, त्यामुळं एजंट हमखास ते नाव स्वतःच्या मनानं बनवतो. टूल एरर देतं. द्यायलाच पाहिजे, चुकीचा टाइम गोड बोलून देण्यापेक्षा एरर परवडला. एजंटच्या सूचनांमध्ये सरळ लिहून ठेवा: वेळेचा हिशोब मनानं करायचा नाही, टूलला विचारायचं, आणि नाव सापडलं नाही तर मला विचारायचं.

आणखी एक खड्डा आहे, ईटीसी/जीएमटी+५ असली नावं. वाचून वाटतं ग्रीनिचच्या ५ तास पुढं, पण असतं ५ तास मागं, चिन्ह उलटं. वापरूच नका.

एवढं करूनही भाऊचा प्रॉब्लेम सुटत नाही बरं का. त्या तयार टूलला तुम्ही देता वेळ आणि दोन झोन, तारीख ते मागतच नाही, आजचीच धरतं. म्हणजे २५ मार्चला बसून ३१ तारखेचा कॉल विचारला तर उत्तर २५ तारखेच्या हिशोबानं, म्हणजे परत साडेतीन! म्हणून पुढच्या तारखांसाठी स्वतःचं छोटं टूल लिहा, पायथनमध्ये पंधरा-वीस ओळी फार झाल्या. आत चार गोष्टी घ्या: तारीख, वेळ, कुठला झोन, कुठं न्यायचंय. बाहेर द्या: तिकडची तारीख आणि वेळ, वार, यूटीसीपासून (सगळे झोन जिच्यावरून मोजतात ती जागतिक वेळ) किती फरक, आणि उन्हाळी वेळ चालू आहे का नाही. वार मुद्दाम द्या, रात्रीच्या कॉलला तारीख उलटते आणि तिथंच गडबड होते.

तपासायला ही जोडी वापरा. अ‍ॅमस्टरडॅमचे सकाळी ११, २७ मार्च २०२६: आपल्याकडं दुपारी ३:३० यायला पाहिजेत. तीच वेळ ३० मार्चला: २:३०. दोन्ही सारखे आले तर तुमचं टूल तारीख बघतच नाही. अमेरिका आणखी वेगळी, तिथं २०२६ मध्ये घड्याळ ८ मार्चलाच पुढं जातंय, म्हणजे मधले तीन आठवडे न्यूयॉर्क आणि अ‍ॅमस्टरडॅममधला फरकही बदललेला असतो. आणि २९ मार्चला अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहाटे अडीच वाजतच नाहीत, दोनवरून काटा थेट तीनवर. पायथन मात्र ती वेळ मुकाट घेतं, तेव्हा ही चेक तुम्हालाच टाकावी लागेल.

सेव्ह करताना पण बघा. पुढच्या कॉलची वेळ यूटीसीत बदलून ठेवू नका, ज्यानं वेळ ठरवली त्याच्याकडची वेळ आणि त्याचा झोन असंच ठेवा, रिमाइंडर लावताना हिशोब करा. सरकारं नियम बदलतात, मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंदच करून टाकली, मग आधी बदलून ठेवलेले आकडे सगळे वाया.

त्यासाठीच टीझेडडेटा अपडेट ठेवायचा. युरोपची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हलतात, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आणि दिवाळीच्या आसपास. भाऊच्या मशीनवर मी त्याच सुमाराला दोनदा पिप अपग्रेड मारतो, फराळाला गेलोच की उरकून येतो.