निसर्गचित्रात ऋतू दिसत नाही? या चुका टाळा

पावसाळा हिरवा, उन्हाळा पिवळा, हिवाळा निळसर. हे समीकरण डोक्यात ठेवून रंगवायला बसणाऱ्यांची चित्रं मी वर्षानुवर्षं बघतोय. चित्रात झाड असतं, रस्ता असतो, आभाळही असतं, पण महिना कुठला ते कळत नाही. ऋतू पानांच्या रंगापेक्षा उजेडात आणि हवेत जास्त असतो. खालच्या बहुतेक चुका हे न ओळखल्यामुळेच होतात.

सावल्यांच्या मागे धावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सकाळी बसलात तर दोन तासांत सावलीची दिशाही बदलते आणि लांबीही. तरी लोक डावीकडून सुरुवात करून सावकाश उजवीकडे जातात, आणि प्रत्येक वस्तूची सावली त्या-त्या क्षणी दिसेल तशी घालत राहतात.

एकदा हिवाळ्यातल्या सकाळी आमच्या गटात एक मुलगा आला होता. हात चांगला, रेषा पक्की. समोर एक झाड, मधे पडकी भिंत, पलीकडे विजेचा खांब. झाडाची सावली त्याने लांबलचक घातली. भिंतीपर्यंत पोचला तेव्हा ऊन वर आलं होतं, म्हणून तिची सावली आखूड झाली. खांबाची तर भलत्याच दिशेला गेली. शेवटी म्हणाला, "ड्रॉइंग चुकलंय." आणि खोडरबर घेऊन भिंतीचा पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळ-दूरचं प्रमाण, दुरुस्त करायला लागला. पर्स्पेक्टिव्ह बरोबरच होता! मग सावल्या जुळवायला त्याने गडद वॉशवर वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या जलरंगाचे थर) चढवले, आणि कागदाचे तंतू निघेपर्यंत घासलं. सकाळच्या कोवळ्या उन्हाचा त्या चित्रात मागमूस उरला नाही. इतक्या चांगल्या रेषेचं असं झालेलं बघून मला खरंच वाईट वाटलं.

माझी सवय साधी आहे. आधी तळहाताएवढ्या चौकटीत पेन्सिलने फक्त तीन टोन, म्हणजे छटा: उजळ, मधला, गडद. त्याला पाच मिनिटं. मग मोठ्या कागदावर हलकं रेखाटन झालं की अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या पातळ करड्या मिश्रणाने सगळ्या सावल्या एकाच दमात घालून टाकायच्या. त्यानंतर समोरची सावली कुठेही जावो, कागदावरची हलवायची नाही. दीड तासानंतर मी ब्रश खाली ठेवतो. चित्र राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत जातो.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची सुमारे २५ चित्रं केली. उजेड बदलला की ते हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचे. बदललेला उजेड जुन्या कॅनव्हासवर कोंबायचा नाही, एवढी शिस्त आपल्यालाही जमू शकते.

मात्र "त्याच वेळेला" हे सलग काही दिवसांपुरतंच खरं. दुपारच्या सूर्याची जागा वर्षभरात उत्तर-दक्षिण सुमारे ४७ अंशांनी सरकते. म्हणून जूनमधलं अर्धवट चित्र डिसेंबरमध्ये पुरं करायला जाऊ नका. नवा कागद घ्या.

ट्यूबमधला हिरवा

सॅप ग्रीन किंवा व्हिरिडियन असा तयार हिरवा ट्यूबमधून काढायचा आणि अख्खं रान त्यात बुडवायचं, हा अधीर लोकांचा आवडता शॉर्टकट. मला तो अजिबात मान्य नाही. नव्या पालवीत पिवळा असतो, कधी तांबूसही. पावसाने धुतलेलं पान गर्द असतं, पण त्याच्या ओल्या पृष्ठभागावर आभाळ चमकतं. ऋतू संपता संपता हिरव्यात तपकिरी शिरतो. आणि लांबची झाडं, मधल्या हवेमुळे, निळसर आणि फिकी होतात.

नवशिक्यांना मी काही काळ हिरवी ट्यूब पेटीतच ठेवू देत नाही. लेमन यलो आणि कोबाल्ट ब्लूमधून कोवळा हिरवा मिळतो, यलो ओकर (मातकट पिवळा) आणि अल्ट्रामरीनमधून सुकत चाललेल्या गवताचा. फार भडक झाला तर चिमूटभर बर्न्ट सिएना घाला. सुरुवातीला चिखल होतो, लोक वैतागतात, ट्यूब परत मागतात. द्यायची नाही.

पावसाळी दिवसाबद्दल अजून एक. ढगाळ उजेड सगळीकडून येतो, त्यामुळे सावलीला कडा राहत नाहीत. तरी लोक सवयीने झाडाखाली धारदार सावली काढतात आणि पाऊस तिथेच संपतो. त्या दिवशी चित्रातला सगळ्यात उजळ भाग बहुधा आभाळच असतं. ओलं खोड, ओली माती, ओली भिंत कोरड्यापेक्षा गडद दिसते, कारण पाणी मुरल्यावर प्रकाश आतच जास्त शोषला जातो. रस्त्यावर मात्र आभाळाचं प्रतिबिंब पडतं. गडद जमीन आणि त्यात उजळ पट्टे एवढं साधलं, तर पावसाची एकही रेघ ओढावी लागत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

उन्हात कागद धरून रंगवू नका. कागद डोळ्यांवर चमकतो, तुम्ही रंग गडद करत जाता आणि घरात चित्र काळवंडलेलं दिसतं.

फक्त फोटोवरून रंगवू नका. कॅमेरा एक तर सावल्या काळ्या करतो, नाहीतर आभाळ पांढरं. सावलीतला निळा-जांभळा तिथे बसूनच दिसतो.

पातळ कागदावर जलरंगाचे थर चढवू नका. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या. महाग वाटला तर लहान तुकडे करून वापरा.

चित्रामागे तारीख, वेळ, हवा लिहा. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांनी १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांची अभ्यासचित्रं केली, त्यातल्या अनेक चित्रांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा आहे. एकच कोपरा वर्षभर रंगवणार असाल, तर या नोंदीशिवाय तुलना करता येणार नाही.

दमट हवेत वॉश वाळायला वेळ लागतो. अर्धवट ओल्यात ब्रश घातला की डाग फुटतात. मी शेजारी दुसरा कागद ठेवतो आणि पहिला वाळेपर्यंत त्यावर पेन्सिलने फांद्या काढतो. कागद वाळला का हे बोटाच्या मागच्या बाजूने बघा. गार लागला, तर तो अजून ओला आहे.