फेअरी क्रम लिहिताना या चुका टाळा

अंशात अंश, छेदात छेद मिळवला की पाचवीत बाई कान धरतात. फेअरी क्रम म्हणजे ० ते १ मधले, छेद ठरावीक मर्यादेपर्यंत असलेले अतिसंक्षिप्त अपूर्णांक, चढत्या क्रमाने. दोन शेजाऱ्यांमधलं नवं पद काढताना नेमकं तेच करायचं असतं. सांगलीत ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या पोरांना याचा इतका आनंद होतो, की थांबायचं कुठे हेच राहून जातं.

छेद ५ पर्यंतचा क्रम असा: ०/१, १/५, १/४, १/३, २/५, १/२, ३/५, २/३, ३/४, ४/५, १/१. आता ६ चा मागितला, की प्रत्येक फटीत एकेक अपूर्णांक कोंबतात. १/२ आणि ३/५ मध्ये म्हणे ४/७! अरे, छेद बघा. दोन छेदांची बेरीज बरोबर ६ होते तिथेच नवं पद येतं: १/६ आणि ५/६. बस्स.

तिरकस गुणाकारांचा फरक १ आला, की "सर, शेजारी!" म्हणून वही मिटते. १/३ आणि १/२ मध्ये तो फरक (३×१ − २×१) १ च आहे, पण मध्ये २/५ बसलाय. छेदांची बेरीज मर्यादेपेक्षा मोठी आहे ना, तेही बघायचं.

अर्ध्यात थांबणं ही सगळ्यात महाग चूक. कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्यांकडे जुना लेथ आहे. लीड स्क्रू, म्हणजे हत्यार पुढे सरकवणारा आट्यांचा दांडा, इंची, इंचाला ८ आटे. एम-२० (२० मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टला २.५ मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर हवं, म्हणजे गिअरचं गुणोत्तर १००/१२७. १२७ मूळ संख्या, आणि तेवढ्या दात्यांचा गिअर तिथे मावत नाही, म्हणून जवळचा, लहान छेदाचा अपूर्णांक शोधायचा. माझ्याच एका हुशार विद्यार्थ्याने ३/४ आणि ४/५ मधून ७/९ काढला, ३५ आणि ४५ चे गिअर हाताशी दिसले, लावून मोकळा. आटे दिसायला झकास. नट दोन-तीन फेऱ्यांतच आवळला! चूक सव्वा टक्क्याची.

पुढे उतरत राहायचं: ११/१४, १५/१९, २६/३३, ३७/४७, ६३/८०. शेवटच्या जोडीत १०० मिलिमीटरला साडेबारा मायक्रॉन फरक. ६३ चा गिअर कापून घेतला. प्रत्येक पायरीला हवी ती संख्या डावीकडे की उजवीकडे, याचा बाण मी समासात काढतो. पॅरिसचा घड्याळजी ब्रोको याने १८६१ मध्ये दातेरी चाकांसाठीच ही वाट छापली होती. घाई त्यालाही परवडली नसती.

१/२ ऐवजी २/४ धरून २/३ शी जोडू नका. ३/५ च्या जागी ४/७ येतो. आधी अतिसंक्षिप्त रूप.

दशांश करून क्रम लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, वही परत देतो.

"थोर गणितज्ञ फेअरी" असंही लिहू नका. जॉन फेअरी भूगर्भशास्त्रज्ञ होता. १८१६ मध्ये त्याने निरीक्षण छापलं, सिद्धता फ्रेंच गणितज्ञ कोशीने दिली.

आणि पदं मोजा. छेदाची मर्यादा n ला पोचली की n शी सहमूळ असलेल्या, n पेक्षा लहान संख्यांइतकी पदं वाढतात: ५ ला ११, ६ ला १३, ७ ला १९. मोजणी जुळत नसेल तर मला दाखवायला आणू नका.