कार्पेट किती लागेल? हिशोब करताना या चुका टाळा

खोलीची लांबी गुणिले रुंदी, त्यात 10 टक्के वेस्टेज टाका, रेटने गुणा, झालं एस्टिमेट. बहुतेक जण असंच करतात आणि मग कोटेशन हातात आलं की वाटतं हा माणूस फसवतोय. फसवतही असेल, पण बऱ्याचदा त्याचं गणित बरोबर असतं आणि आपलंच चुकलेलं असतं, कारण वॉल टू वॉल कार्पेट रोलमधून कापून मिळतं आणि कपड्याला जसा ठरलेला पन्हा असतो तसा या रोललाही असतो. सर्रास मिळणारा पन्हा 12 फूट, काही कार्पेट 15 फुटातही येतात, मेट्रिकमध्ये 4 आणि 5 मीटर. तुमची खोली 11 फूट असो नाहीतर साडेअकरा, पैसे अख्ख्या 12 फुटांचेच लागतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे म्हणून जरा सविस्तर बघू. समजा खोली 14 बाय 13 आहे, म्हणजे 182 स्क्वेअर फूट, 10 टक्के धरून साधारण 200. आता 12 फुटी रोल घ्या. 14 फूट लांबीसाठी साडेचौदा फुटांचा तुकडा कापला (कडेला ट्रिम करायला थोडं जास्त लागतंच), तरी एका बाजूला फूटभर पट्टी उघडी राहते. ती पट्टी सलग एका तुकड्यात हवी असेल तर रोलमधून अजून साडेचौदा फूट घ्या, एकूण 29 फूट गुणिले 12, म्हणजे 348 स्क्वेअर फूट! खोलीच्या जवळपास दुप्पट, आणि उरलेलं सगळं भंगार. पट्टी दोन तुकड्यांत चालत असेल तर रोलमधून अजून साडेसात फूटच घ्यायचे, एकूण 264, आणि तीन-तीन फुटांचे पाच तुकडे जोडले तर अजून तीनच फूट, एकूण 210, पण मग जोडच जोड. आणि 15 फुटी रोल मिळाला तर? 13 फूट बाजू रोलच्या लांबीत टाका, साडेतेरा गुणिले 15, 202.5 स्क्वेअर फूट, एकही जोड नाही. खोली तीच, आणि आकडा 202 पासून 348 पर्यंत कुठेही. त्यामुळे रेट विचारायच्या आधी हे कार्पेट किती पन्ह्यात येतं ते विचारा, आणि नुसता एकूण आकडा न घेता तुकडे कसे कापणार आणि जोड कुठे येणार याचं कच्चं ड्रॉइंग मागा. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

यावर हुशारी म्हणून काही जण सांगतात की पट्टी आडवी फिरवून लावा, उरलेल्या तुकड्यात बसेल. अजिबात करू नका. कार्पेटच्या लवेला दिशा असते, एक तुकडा उभा आणि शेजारचा आडवा लावला की प्रकाशात दोन वेगळे रंग दिसतात आणि नंतर त्यावर काहीच इलाज नाही. सगळे तुकडे एकाच दिशेने. जोड शक्यतो खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेत आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब, सोफ्याखाली गेला तर उत्तमच.

डिझाइनवालं कार्पेट असेल तर अजून एक भर. नक्षी दर 18 इंचांनी परत येत असेल तर पुढचा प्रत्येक तुकडा 18 च्या पटीत वर न्यावा लागतो, म्हणजे साडेचौदा फूट हवे असले तरी 15 फूट कापायचे. प्लेन कार्पेटचं एस्टिमेट नक्षीच्या कार्पेटला लावलं की हमखास कमी पडतं.

आता मापाच्या चुका. 11 फूट 11 इंच कॅल्क्युलेटरवर 11.11 टाइप करणारे भरपूर आहेत. फुटात 12 इंच असतात हो! 11 फूट 11 इंच बाय 9 फूट 10 इंच खोलीचा खरा एरिया 117 स्क्वेअर फूट, आणि पॉइंट लावून केला तर 101. सरळ सगळं इंचात मोजा, गुणा, आणि शेवटी 144 ने भागा. भिंती सरळ असतात हाही गैरसमज, म्हणून दोन्ही दिशांना दोन-तीन जागी टेप लावून सगळ्यात मोठं माप धरा, तेही खाली जमिनीलगत. दाराच्या चौकटीतला भाग, कोनाडा, भिंतीतल्या कपाटाच्या आतली जमीन हे सगळं विसरलं जातं. 4 मीटर म्हणजे 13 फूट दीड इंच, त्यामुळे 13 फुटी खोलीत 4 मीटरचा रोल कागदावर छान बसतो पण भिंत दोन इंच तिरकी निघाली की गेलं. जिना असेल तर नुसती पायरीची रुंदी धरू नका, वरचा भाग, उभा भाग आणि पुढचं नाक मिळून एक पायरी, गुणिले पायऱ्या.

रेट कम्पेअर करताना युनिट बघा. एक स्क्वेअर यार्ड म्हणजे 9 स्क्वेअर फूट, एक स्क्वेअर मीटर म्हणजे 10.76. यार्डाचा रेट 9 ने भागल्याशिवाय स्वस्त-महाग बोलूच नका. आणि रेट कापलेल्या मालावर लागतो, खोलीच्या एरियावर नाही. अंडरले (कार्पेटच्या खाली अंथरायचा मऊ थर) मात्र खोलीच्या एरियाच्या जवळपास पुरतो कारण त्याला लव नाही की नक्षी नाही, तुकडे जोडून चालतात, तेव्हा कोटेशनमध्ये कार्पेटइतकाच अंडरले लावलेला दिसला तर विचारा. ग्रिपर पट्टी (भिंतीलगत कार्पेट धरून ठेवणारी खिळ्यांची पट्टी) भिंतींच्या घेराने मोजतात, वरच्या उदाहरणातल्या 14 बाय 13 खोलीत घेर 54 फूट, त्यातून दार वजा. शिवाय जोडाची टेप, दारातली पट्टी, फिटिंगची मजुरी, जुनं कार्पेट काढून टाकणं, फर्निचर हलवणं, खालची जमीन सपाट करणं, दार खाली घासलं तर तासणं, टॅक्स. यातलं काय धरलंय आणि काय नाही ते लेखी घ्या, तोंडी "सगळं आलं त्यात" म्हणजे काहीच नाही.

कार्पेट टाइल्स घेत असाल तर हे पन्ह्याचं लफडं बरंच कमी. 50 बाय 50 सेंटिमीटरच्या चार टाइल्स म्हणजे एक स्क्वेअर मीटर, कापाकापीसाठी थोड्या जास्त धरा आणि आकडा अख्ख्या बॉक्सपर्यंत वर न्या.

आणि माल कमी पडलाच तर? घाईने नवा तुकडा मागवायच्या आधी लॉट नंबर (एकत्र रंगवलेल्या मालाचा नंबर) जुळतो का ते बघा, वेगळ्या लॉटमध्ये शेड बदलते आणि शेजारी लावला की लगेच कळतं. लॉट मिळत नसेल तर कपाटाच्या आत आधी लावलेला भाग काढून बाहेर वापरा आणि वेगळ्या शेडचा तुकडा कपाटात टाका. उरलेले मोठे तुकडे फेकू नका, डाग पडला की पॅच मारायला तेच उपयोगी पडतात.