हनोईत अंड्याची कॉफी पिताना

हनोईच्या जुन्या भागात न्गुएन हू हुआन रस्त्यावर ३९ नंबर शोधा. दोन दुकानांच्या मधे अंधारा, अरुंद बोळ दिसेल. कुणाच्या तरी घरात शिरतोय असं वाटलं तरी बिनधास्त आत जा. तिथेच कॅफे जांग आहे, १९४६पासूनचं. त्या काळी दुधाची टंचाई होती, म्हणून जांग यांनी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, आणि 'काफे चुंग' जन्माला आली.

गरम कॉफीचा छोटा कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात. कप तसाच राहू द्या, त्यानेच कॉफी कोमट होत नाही. आधी वरचा पिवळसर, दाट फेस चमच्याने नुसताच खाऊन बघा. वास येईल या भीतीने अनेक जण बिचकतात. मला तरी तो खरवसासारखा मऊ आणि गोड लागला. मग खालची काळी, कडक कॉफी थोडी वर घेत प्या. घाई अजिबात नको.

बलक पुरता शिजलेला नसतो, त्यामुळे गरोदर बायकांनी ही टाळावी. अंडं न खाणाऱ्यांनी 'नाउ दा' मागावी: कंडेन्स्ड मिल्क आणि बर्फ घातलेली कॉफी.