जपानी सस्पेन्स कादंबरी कशी वाचावी: वेळापत्रकाची पानं सोडू नका

जपानी सस्पेन्स वाचायला घेतोय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, नावं लिहून ठेवा नाहीतर गोंधळ होईल. नावांचं काही नाही हो, तीस-चाळीस पानांत सवयीची होतात. खरी गाडी अडते ती ट्रेनच्या वेळा सुरू झाल्या की, आणि बरेचजण तिथेच पुस्तक मिटतात.

सेइचो मात्सुमोतोची 'पॉइंट्स अँड लाइन्स' घेऊन सांगते, सुरुवातीला याहून चांगलं पुस्तक मला तरी माहीत नाही. १९५७-५८ मध्ये ही 'ताबी' नावाच्या प्रवासाच्या मासिकात क्रमशः येत होती. २०२२ मध्ये पेंग्विनने नवा इंग्रजी अनुवाद काढला तो 'टोकियो एक्स्प्रेस' नावाने, तेव्हा दोन वेगळी पुस्तकं समजून दोन्ही मागवू नका. आणि आधी विकिपीडिया उघडायचा नाही म्हणजे नाही.

मोबाईलवर जपानचा नकाशा काढा. खाली क्युशू बेटावर फुकुओका, मधे टोकियो, वर आओमोरी, तिथून समुद्र ओलांडला की होक्काइडो आणि सप्पोरो. बास, एवढं पुरतं.

आता 'खून कोणी केला' हे डोक्यातून काढून टाका. फुकुओकाजवळ काशिईच्या किनाऱ्यावर एक सरकारी अधिकारी आणि एक वेट्रेस मेलेले सापडतात, सायनाइड, सगळ्यांना वाटतं प्रेमी जोडप्याची आत्महत्या. संशय कोणावर घ्यायचा ते बऱ्यापैकी लवकर कळतं आणि मग लोक चिडतात की आता उरलं काय! उरलं हे की तो माणूस म्हणतो मी तेव्हा होक्काइडोच्या वाटेवर होतो, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. ते 'म्हणतो' फोडायचं, अख्खं पुस्तक त्याचंच आहे. (त्या अधिकाऱ्याच्या मंत्रालयातल्या लाचखोरीचा भाग पटापट वाचा, तो आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.)

आणि आता ती वेळापत्रकाची पानं. नेटवर सल्ला मिळतो की ही पानं नुसती चाळा, शेवटी सगळं कळतंच. असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, कारण ती पानं गाळली तर पुस्तकात एक बोअर डिटेक्टिव्ह आणि भरपूर प्रवास एवढंच शिल्लक राहतं. दुसरं टोक म्हणजे प्रत्येक ट्रेनची वेळ पाठ करायला बसणारे, तेही दमतात. वेळा पाठ करायच्याच नाहीत. एक कागद घ्या, तीन रकाने आखा: कधी, कुठे, आणि कोण सांगतंय. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कोणी आखत नाही.

उदाहरण देते. टोकियो स्टेशनच्या १३ नंबर फलाटावरून तीन जणांना पलीकडे १५ नंबरला हा अधिकारी आणि ती वेट्रेस फुकुओकाकडे जाणाऱ्या 'आसाकाझे' गाडीत चढताना दिसतात. मधे सारख्या गाड्या येत-जात असतात, १५ नंबरची ती गाडी तिथून दिसते ती संध्याकाळी ५:५७ ते ६:०१ एवढीच, अख्ख्या दिवसात चार मिनिटं. लोक ती चार मिनिटं वाचून वा काय डोकं लावलंय म्हणतात आणि पुढे जातात. थांबा तिथे. कागदावर लिहा काय दिसलं, आणि त्याच्याखाली वेगळ्या ओळीत लिहा की त्यावरून सगळ्यांनी काय समजून घेतलं. या दोन ओळी एकत्र करू नका, पूर्ण पुस्तकभर करू नका. फुकुओकाचा म्हातारा डिटेक्टिव्ह तोरिगाई हेच तर करतो. मेलेल्या अधिकाऱ्याच्या खिशात गाडीतल्या डायनिंग कारची पावती निघते, एका माणसाच्या जेवणाची, आणि बाकीचे सोडून देतात ती गोष्ट याला काही केल्या पचत नाही, की बाई बरोबर होती तर हा एकटा का जेवला. काशिई नावाची दोन स्टेशनं आहेत तर हा बाबा घड्याळ लावून एका स्टेशनपासून दुसऱ्यापर्यंत चालून बघतो. तुम्हीही तेवढ्याच संथपणे वाचा.

होक्काइडोचा भाग आला की तोच कागद पुढे चालवा. संशयित माणूस टोकियोच्या उएनो स्टेशनहून निघाला, आओमोरीला बोटीत बसला, होक्काइडोत हाकोदातेला उतरला, सप्पोरोला पोचला, प्रत्येक ओळीसमोर लिहा हे कोणी पाहिलं, की कागदोपत्री आहे, की नुसतं तो स्वतः सांगतोय. वेळा १९५७ च्या खऱ्या वेळापत्रकातल्या आहेत, त्यामुळे लेखकाने सोयीने गाडी पळवलीय का ही शंका काढू नका, वेळ वाया जाईल. आणि हा भाग एका बैठकीत वाचा, मधे चार दिवस गेले की कागद असूनही डोकं फिरतं.

शेवटचं प्रकरण म्हणजे टोकियोचा डिटेक्टिव्ह मिहारा याने तोरिगाईला लिहिलेलं पत्र, त्यात सगळा उलगडा आहे. ते लगेच सुरू करू नका. कागद काढा, तिसऱ्या रकान्यात 'स्वतः' लिहिलेल्या ओळींवर गोल करा आणि तेवढ्या ओळी खोट्या धरल्या तर माणूस कुठे कुठे असू शकतो ते मांडून बघा. जमलं नाही तरी चालेल, पत्र दुसऱ्या दिवशी वाचा.