पाळलेल्या काकाकुव्यासाठी नवे घर शोधताना

पुण्यात पाळलेला काकाकुवा दुसऱ्याच्या हवाली करायचा असेल, तर जाहिरात लिहिण्याआधी त्याची कागदपत्रे तपासावीत. हा पक्षी ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी आणि फिलिपिन्स या भागांतला आहे, आणि छोटा कॉकटील वगळता त्याच्या सर्व जाती वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत नोंदलेल्या आहेत. वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करणे आणि त्यांचा ताबा बदलल्यास तो कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले असून हे काम ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून होते. आपल्या पक्ष्याची नोंदणी झालेली नसेल तर आधी पुण्याच्या वन विभागात चौकशी करून ती मार्गी लावावी. ‘कागदांचे नंतर बघू’ म्हणणारा माणूस कितीही पक्षीप्रेमी वाटला, तरी त्याला नम्रपणे नकार द्यावा.

पक्षी मोकळा सोडून देण्याचा विचार मात्र मनातही आणू नये. पिंजऱ्यात वाढलेल्या काकाकुव्याला अन्न शोधता येत नाही, आणि पुण्याच्या आकाशात घारी-कावळ्यांची कमतरता नाही. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात ‘नेऊन देऊ’ असेही अनेकांना वाटते, पण घरचे पाळीव पक्षी सांभाळण्यासाठी प्राणिसंग्रहालये नसतात.

त्यानंतर पक्ष्यांचे आजार जाणणाऱ्या पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. चोच आणि पिसांच्या विषाणुजन्य रोगाची चाचणी, तसेच माणसालाही होऊ शकणाऱ्या सिटाकोसिस या जिवाणुजन्य रोगाची चाचणी करून त्यांचे अहवाल जवळ ठेवावेत, कारण नव्या घरी दुसरे पोपट असतील तर हे अहवाल पाहिल्याशिवाय शहाणा माणूस पक्षी घेणार नाही. पक्षी पिसे उपटत असेल किंवा दिवसभर किंचाळत असेल, तर त्यामागे आजार आहे, कंटाळा आहे की झोपेची कमतरता आहे, हेही वैद्यांना विचारावे. काकाकुव्याला रोज दहा ते बारा तास शांत अंधार लागतो. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत टीव्ही चालणाऱ्या घरात तो मिळत नाही, आणि एवढी एक गोष्ट सुधारल्यावर पक्षी द्यावा लागू नये, असेही घडू शकते.

आता माणसाची निवड. माझ्या मते येथे पैसा आणि जागा यांपेक्षा घराची दिनचर्या अधिक महत्त्वाची आहे. काकाकुवा थव्यात राहणारा पक्षी असल्यामुळे त्याला सहवास लागतो. नवरा-बायको दोघेही सकाळी हिंजवडीला जाऊन रात्री परतत असतील, तर बंगला कितीही मोठा असला तरी ते घर त्याच्यासाठी रिकामेच. निवृत्त जोडपे या दृष्टीने उत्तम, पण तेथे वयाचा प्रश्न येतो. मोठ्या जातींचे काकाकुवे चाळीस ते साठ वर्षे सहज जगतात, आणि शिकागोजवळच्या ब्रूकफिल्ड प्राणिसंग्रहालयातला ‘कुकी’ नावाचा काकाकुवा २०१६ मध्ये गेला तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता. म्हणून आजी-आजोबांच्या घरी पक्षी देताना ‘तुमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा आणि ज्या मुलाचे वा पुतणीचे नाव पुढे येईल, त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलावे. परदेशात स्थायिक झालेला मुलगा हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न आवाजाचा. मोठ्या काकाकुव्याची किंचाळी शंभर डेसिबलच्या पुढे जाते आणि ती साधारणपणे पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास येते. भिंतीला भिंत लागून असलेल्या सोसायटीत शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या, की वर्षभरात हाच पक्षी पुन्हा घर शोधू लागतो. इच्छुकाला पक्षी शांत असताना बोलावू नये. पक्ष्याच्या ओरडण्याच्या वेळीच त्याला बोलवावे आणि त्या माणसाचा चेहरा पाहावा. घरात दम्याचा रुग्ण आहे का, हेही विचारावे, कारण काकाकुव्याच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते. इतर पक्षी असतील तर मकाव आणि आफ्रिकन ग्रे या पोपटांनाही या भुकटीचा त्रास होऊ शकतो. अंगणात आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात टांगलेला दिसला, तर तेथूनच परत फिरावे. देशी पोपट पाळणे बेकायदा आहे आणि तेवढा कायदा ज्याला जुमानावासा वाटत नाही, तो आपले कागदही जपणार नाही.

इच्छुकाच्या घरी एकदा तरी स्वतः जावे आणि स्वयंपाकघरात डोकवावे. तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते. धूप, कापूर आणि डासांची उदबत्तीही त्याच्या खोलीत नको. खिडकीची प्लॅस्टिकची जाळी त्याच्या चोचीपुढे टिकत नाही, आणि बाहेर सोडण्याच्या वेळी छताचा पंखा बंद ठेवण्याची घरातल्या सर्वांना सवय लागावी लागते. गणपतीत ज्या रस्त्यावर ढोल आणि स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात, तेथील घर असेल तर मागच्या बाजूची खोली आहे का ते पाहावे. पक्षी गणेशोत्सव वा दिवाळी संपल्यावरच हलवावा.

पक्षी फुकट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या पक्ष्याला बाजारात मोठी किंमत मिळते, त्यामुळे ‘चांगल्या घरी मोफत’ अशी जाहिरात विक्रेत्यांनाच आधी सापडते. त्याऐवजी नव्या मालकाने तपासणीचा खर्च उचलावा आणि योग्य आकाराचा पिंजरा आधी आणून दाखवावा, अशी अट घातली तर हौसे-गवसे आपोआप गळतात. ‘आठ दिवस ठेवून बघतो’ या मागणीला होकार देऊ नये. त्याऐवजी इच्छुकाने दोन-तीन आठवडे आपल्याच घरी नियमित यावे, पक्ष्याला हाताने खायला घालावे आणि पिंजरा साफ करावा. पक्षी एकदा तरी चावेल. त्यानंतरही जो पुढच्या रविवारी येतो, त्याचा विचार करावा.

ठरल्यावर लेखी करार करावा. त्यात पक्ष्याची जात, पायातल्या कड्यावरचा क्रमांक, नोंदणीचा तपशील आणि ‘सांभाळणे न जमल्यास परस्पर न देता मूळ मालकाला कळवावे’ हे कलम असावे. सोबत एक टिपणही द्यावे. त्यात तो काय खातो, कोणत्या शब्दाला प्रतिसाद देतो, कशाला घाबरतो, कुणाला चावतो, हे लिहावे. वाईट सवयी लपवू नयेत. चहा, चॉकलेट, कांदा, अ‍ॅव्होकॅडो आणि खारे फरसाण बंद, हे ठळक अक्षरांत लिहावे, कारण पाहुण्यांना पोपटाला चहात बुडवलेले बिस्कीट देण्याचा मोह आवरत नाही. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याचा आहार बदलायचा असेल, तर तो बदल नव्या घरी स्थिरावल्यानंतर हळूहळू करावा.

हलवताना जुना पिंजरा आणि आवडती खेळणी बरोबर द्यावीत. लहान प्रवासी पिंजऱ्यात घालून, अर्धे कापड टाकून, सकाळच्या गारव्यात चारचाकीने न्यावे. दुचाकीने नेऊ नये. पुढचे काही आठवडे नव्या मालकाने स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावे आणि ते दहा टक्क्यांनी घटले तर थेट वैद्यांकडे जावे. सुरुवातीला पक्षी बहुधा गप्प आणि गुणी वागतो. खरा स्वभाव महिन्या-दीड महिन्याने दिसतो, आणि पक्षी परत करण्याचे फोनही तेव्हाच येतात. त्या काळात आपला फोन उचलला गेला पाहिजे, एवढी सोय आधीच करून ठेवावी.