नायट्रस घालायचं की टर्बो? आधी डिपस्टिक काढा

महिन्या-दोन महिन्यांत एखादं पोरगं तरी औसा रोडवरच्या माझ्या गॅरेजात येतं आणि म्हणतं, "मामा, गाडीला नायट्रस बसवायचं, किती लागतील?" नायट्रस म्हणजे नायट्रस ऑक्साईड, ताकद वाढवायला बाटलीतून इंजिनात सोडायचा वायू. मी पैशाचं काही बोलत नाही. गाडी चालू करायला लावतो आणि डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, ओढतो. नळीतून फुकफुक धूर आला, की पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग नायट्रसही नको आणि टर्बोही नको. गळक्या रांजणात कितीही पाणी ओता, तसली गत. धूर नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायचं. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले, तरच पुढचं बोलणं.

इंजिनाची ताकद हवेत असते, हे आधी डोक्यात घ्या. चुलीत काड्या कोंबल्या म्हणून जाळ वाढत नाही, धूर होतो. फुंकणी मारली की भडका उडतो. पेट्रोल-डिझेल जास्त सोडणं कुणालाही जमतं, ते जाळायला प्राणवायू आणायचा कुठून, एवढाच प्रश्न. त्यात आपलं लातूर पडलं समुद्रापासून पाचशे-सहाशे मीटर उंच. वर मे महिन्यातलं बेचाळीस डिग्री ऊन. समुद्रकाठच्या थंड हवेच्या मानाने इथली दुपारची हवा दहा-पंधरा टक्के विरळ भरते. तीच गाडी डिसेंबरच्या पहाटे तरतरीत का वाटते, ते यावरून कळेल.

टर्बो म्हणजे फुंकणीच, पण फुकटातली. सायलेन्सरातून वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तरंगतो नुसत्या ऑईलच्या पातळ थरावर.

नायट्रसचं वेगळं. लोकांना वाटतं ते इंधन आहे. नाही. तो वायू स्वतः जळत नाही. सिलिंडरच्या उष्णतेत तो फुटतो आणि प्राणवायू मोकळा होतो. वजनाने हवेत प्राणवायू २३ टक्के, नायट्रसमध्ये ३६. शिवाय बाटलीतून द्रवरूपात निघून उणे ८८ डिग्रीला उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार आणि दाट होते. म्हणून बटण दाबलं की लगेच धक्का बसतो. टर्बोला दम धरायला लागतो तसा इथं लागत नाही.

मग घ्यायचं काय? ताकद किती वेळ पाहिजे, ते आधी सांगा. साडेचार किलोची बाटली शंभर हॉर्सपॉवरच्या मापाने सोडली तर दोनेक मिनिटांत रिकामी. बंद ट्रॅकवर पाव मैलाची शर्यत पळायची असेल, तर वर्षभर टर्बोचं ओझं कशाला वागवायचं? नायट्रस बरं. पण मांजरसुंब्याचा घाट भरल्या गाडीने चढायचा, उसाची ट्रॉली ओढायची, तर तिथं टर्बोच.

ट्रॅकसाठी नायट्रस बसवणारच असाल तर वेट किट घ्या, म्हणजे वायूबरोबर जादा पेट्रोलही सोडणारं. साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाला २५ ते ५० हॉर्सपॉवरच्या जेटपासून (वायू सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीपासून) सुरुवात करा. दर ५० हॉर्सपॉवरमागे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, साधारण दोन डिग्री मागे घ्या, प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, टाका, पेट्रोल जास्त ऑक्टेनचं भरा. स्विच असा जोडा, की अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबल्यावर आणि तीन हजार आरपीएमच्या वरच वायू सुटेल. खालच्या आरपीएमला सोडला तर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, साठतो आणि बॅकफायर होऊन मॅनिफोल्डच फुटतं. पेट्रोलचं प्रेशर पडलं की नायट्रस आपोआप बंद करणारा स्विच हजार-दोन हजार वाचवायला गाळू नका. पेट्रोल कमी आणि नायट्रस जास्त झालं, की पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. दर पळवणीनंतर प्लग काढून बघा. चिनीमातीवर चंदेरी ठिपके दिसले तर तो पिस्टनच वितळून आलाय. तिथंच थांबा.

आता आपल्या भागाची खरी अडचण. नायट्रस ३६.४ डिग्रीच्या वर द्रवरूपात राहतच नाही, कितीही दाबा. किट साधारण ९०० ते १००० पीएसआयला जुळवलेलं असतं आणि आपल्याकडे एप्रिलात उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. प्रेशर वर जातं, वायूचं माप बदलतं, पेट्रोलचं तेवढंच राहतं. थंड मुलखात बाटलीला हीटर लावतात, आपण ओलं गोणपाट गुंडाळायचं! गेज बघितल्याशिवाय बटणाला हात लावू नका. बाटलीच्या सेफ्टी डिस्कची (जादा दाबाने फुटणाऱ्या चकतीची) नळी गाडीबाहेर काढा, नाहीतर डिस्क फुटली की वायू आत कोंडून जीव गुदमरेल. आणि दवाखान्यातला भुलीचा निळा सिलिंडर आणून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

टर्बोचं सांगताना मला स्वतःचीच फजिती सांगावी लागते. चुलत्याच्या जुन्या ट्रॅक्टरला मी भंगारातला टर्बो बसवला. ऑईल येणारी नळी नीट जोडली, परत जाणारी मात्र बारीक आणि वाकडी ठेवली. टर्बोमधलं ऑईल आपल्या वजनानेच खाली उतरतं, त्याला जाड आणि सरळ उताराची वाट लागते. वाट तुंबली आणि ऑईल सील ओलांडून हवेबरोबर इंजिनात गेलं. डिझेल इंजिन ऑईलवरही चालतं. आखाड्यावर उभा ट्रॅक्टर आपोआप रेस होऊ लागला, डिझेल तोडलं तरी थांबेना, निळ्या धुराने गोठा भरला. काकूने आतून पोळपाट आणला, तो हवेच्या तोंडावर दाबला तेव्हा घुसमटून बंद पडला. पोळपाट अजून तिच्याकडे आहे, दर दिवाळीला दाखवते.

तेव्हा टर्बोला परतीची नळी पहिली. दुसरा इंटरकूलर, म्हणजे हवा गार करणारी जाळी. दाबलेली हवा शंभर डिग्रीच्या वर तापते, ती गार केली नाही तर दाबण्याचा अर्धा फायदा गेला. तिसरी गोष्ट पेट्रोलवाल्यांसाठी: तुमच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते तो आकडा, आधीच दहा-अकराला एक असेल, तर वरून टर्बोने पेट्रोल अवेळी पेटून ठोके सुरू होतात. टर्बोचा दाब ०.३-०.४ बारपर्यंत ठेवला तर कसंबसं निभतं, तेही इंजेक्टर आणि ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) मॅप बदलून. पुढे जायचं तर पिस्टन बदला. म्हणजे इंजिन उतरवणं आलंच. खर्च नायट्रसच्या कितीतरी पट.

एअर फिल्टर तर विचारूच नका. ऊसतोडीच्या सीझनमध्ये काळ्या मातीचा फुफाटा टर्बोची पाती खरवडून काढतो. आणि लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. तापलेल्या दांड्यावर ऑईल करपतं.

कायद्याचंही ऐका. कंपनीने दिलेल्या गाडीत असा बदल करून ती रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याचा क्लेमही अडू शकतो. रस्त्यासाठी टर्बो हवा असेल तर टर्बोवालीच गाडी घ्या. एकाच १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेलमधून साध्या टर्बोवर ७५ आणि पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोवर ९० पीएस कंपनीनेच काढून दिले होते.

गेल्या पावसाळ्यात तसलीच १.३ वाली जुनी गाडी घेऊन एक जण नायट्रससाठी आला. पिकअप नाही, काळा धूर, रेस केली की सुस्स आवाज. म्हटलं, "अरे बाळा, तुझ्या गाडीत टर्बो हाय की!" इंटरकूलरचा रबरी पाईप क्लिपच्या खाली चिरला होता. साबणाचं पाणी मारून रेस केली, फेस आला. पाईप आणि क्लिपा बदलल्या, फिल्टरमधून मूठभर माती निघाली. पंधरा दिवसांनी परत आला. गाडी बाणासारखी पळते म्हणाला. मग जरा घुटमळत विचारलं, "मामा, रिकामी बाटली नुसती दिसायला लावली तर चालंल का?"